शासकीय सेवांचे कंत्राटीकरण आणि जनमत (भंडारा जिल्हा)

शासकीय सेवांचे कंत्राटीकरण म्हणजे शासन, जिल्हा परिषद, नगर परिषद, ग्रामपंचायत किंवा शासकीय मंडळ यांनी आपल्या कर्मचाऱ्यांकडून करून घ्यावयाचे काम कराराने खासगी कंपनीकडे, ठेकेदाराकडे किंवा संस्थेकडे सोपविणे होय. महाराष्ट्रात हा प्रश्न सप्टेंबर व ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वाधिक चर्चेत आला. बाह्ययंत्रणेमार्फत मनुष्यबळ घेण्यासाठी नऊ संस्थांची नामिका निश्चित करणारा शासन निर्णय त्या वेळी तीव्र विरोधामुळे रद्द करावा लागला. पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्यात मात्र या विषयाची चर्चा त्या एका निर्णयापुरती मर्यादित नाही. धानाची सरकारी खरेदी व भरडाई, जिल्हा सामान्य रुग्णालय, ग्रामपंचायतीतील संगणक परिचालक, वीज वितरण आणि जवाहरनगर येथील आयुध निर्माणी या प्रत्येक ठिकाणी शासन आणि नागरिक यांच्यामध्ये तिसरा पक्ष असावा की नसावा, हा वाद वेगवेगळ्या स्वरूपात झालेला आहे.

संज्ञा

शासकीय कागदपत्रांत ‘बाह्ययंत्रणेद्वारे’, ‘बाह्यस्रोताद्वारे’ किंवा ‘सेवापुरवठादार संस्थेमार्फत’ असे शब्दप्रयोग आढळतात. बोलण्यात ‘ठेका’, ‘कंत्राट’ आणि ‘आउटसोर्सिंग’ हे शब्द रूढ आहेत. चार भिन्न गोष्टींना लोकव्यवहारात सरसकट ‘खासगीकरण’ म्हटले जाते. पहिली, शासनाने व्यक्तीला थेट ठरावीक मुदतीच्या करारावर नेमणे, उदाहरणार्थ राष्ट्रीय आरोग्य अभियानातील परिचारिका. दुसरी, कंपनीने माणसे पुरविणे आणि शासनाने कंपनीला देयक अदा करणे. तिसरी, संपूर्ण सेवाच कंपनीकडे देणे, जसे ‘१०८’ रुग्णवाहिका किंवा वीज वितरणाची फ्रँचायझी. चौथी, शासकीय खात्याचे शासनाच्याच मालकीच्या कंपनीत रूपांतर करणे, म्हणजे महामंडळीकरण. कायद्याच्या दृष्टीने हे भेद महत्त्वाचे असले, तरी जनमताच्या दृष्टीने ते दुय्यम ठरतात. नोकरी कायम आहे की नाही आणि तक्रार कोणाकडे करावयाची, या दोन कसोट्यांवर सामान्य नागरिक या चारही प्रकारांची पारख करताना दिसतो.

‘कंत्राटी’ हा शब्द आता कामाच्या प्रकारापेक्षा माणसाच्या दर्जाचा वाचक झाला आहे. एकाच कार्यालयात शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांपैकी एक ‘कायम’ आणि दुसरा ‘कंत्राटी’ असतो. वेतन, रजा, निवृत्तिवेतन आणि लग्नाच्या बाजारातील प्रतिष्ठा या साऱ्यांवर त्या एका शब्दाचा परिणाम होतो.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे सात तालुके भंडारा जिल्ह्यात राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ असून पाचपैकी चार जण ग्रामीण भागात राहतात. धान हे मुख्य पीक आहे. वरठी येथील पोलाद कारखाना, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणी आणि जवाहरनगरची आयुध निर्माणी सोडल्यास मोठा रोजगार थोडा आहे. त्यामुळे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस शिपाई, परिचारिका, वीज तंत्रज्ञ ही पदे गावातील सुशिक्षित तरुणांच्या दृष्टीने स्थिर उत्पन्नाची जवळजवळ एकमेव वाट ठरतात.

जिल्ह्यात इतर मागासवर्गीय, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांची संख्या मोठी आहे. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच भंडारा मतदारसंघातून उभे होते व पराभूत झाले होते, ही नोंद येथील राजकीय चर्चेत आजही येते. शासकीय नोकरीतील आरक्षण हा या जिल्ह्यात प्रत्यक्ष कुटुंबांच्या अनुभवाचा विषय आहे. कंत्राटीकरणाला होणाऱ्या विरोधाचे एक मोठे कारण यातच आहे, कारण कंपनीने पुरविलेल्या मनुष्यबळात बिंदुनामावलीनुसार भरती होत नाही.

धान खरेदी आणि भरडाई

भंडारा जिल्ह्यातील बहुसंख्य कुटुंबांचा बाह्ययंत्रणेशी सर्वांत जुना आणि नियमित संबंध धान खरेदी केंद्रावर येतो, परंतु कंत्राटीकरणाच्या राज्यस्तरीय चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. किमान आधारभूत किमतीने धान खरेदी करण्याची जबाबदारी शासनाची आहे. राज्यात ती महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ आणि आदिवासी क्षेत्रात आदिवासी विकास महामंडळ यांच्यामार्फत पार पाडली जाते. प्रत्यक्ष काटा मात्र उपअभिकर्ता संस्था लावतात. त्यांत तालुका खरेदी-विक्री संघ, विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था आणि इतर नोंदणीकृत संस्था असतात. खरेदी झालेले धान नंतर खासगी भात गिरण्यांना भरडाईसाठी दिले जाते. गिरणीमालकाने एक क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ शासनाकडे जमा करावयाचा असतो. हाच तांदूळ पुढे शिधावाटप दुकानांत जातो. शेतकऱ्याच्या बांधापासून शिधापत्रिकेपर्यंतच्या या साखळीत शासनाचे स्वतःचे कर्मचारी फार थोडे आहेत.

या व्यवस्थेविषयीचे मत हंगामागणिक बदलते. केंद्र वेळेवर उघडले, बारदाना मिळाला आणि चुकारे लवकर खात्यात जमा झाले, की तक्रार ऐकू येत नाही. गोदामे भरली की खरेदी थांबते. गोदामे भरतात, कारण गिरण्या धानाची उचल करीत नाहीत. भरडाईचा दर, वाहतूक खर्च आणि तांदळाच्या उताऱ्याचे प्रमाण यांवरून गिरणीमालकांनी उचल थांबविल्याचे प्रसंग भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत वारंवार घडले आहेत. शासनाने प्रोत्साहनपर वाढीव दर दिल्यानंतर ते सुटले. अशा वेळी धान उघड्यावर पडून राहते. अवकाळी पाऊस आला तर नुकसान कोणाचे, यावर वाद होतो. ४० किलोच्या कट्ट्यात जादा धान मोजून घेतले जाते, ही तक्रारही जुनी आहे.

शेतकऱ्यांच्या मागण्यांत खरेदी पूर्णपणे शासनाने स्वतः करावी, असा सूर फारसा नसतो. केंद्रे वाढवावीत, ती लवकर उघडावीत, संस्थेच्या काट्यावर देखरेख ठेवावी आणि चुकारे थकवू नयेत, असे त्यांचे म्हणणे असते. याचे कारण व्यावहारिक आहे. केंद्र नसेल तर धान खासगी व्यापाऱ्याला हमीभावापेक्षा कमी दराने विकावे लागते. शिवाय राज्य शासनाचे प्रोत्साहनपर अनुदान (२०२२-२३ मध्ये हेक्टरी १५,००० रुपये व २०२३-२४ मध्ये हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत) मिळविण्यासाठी खरेदीच्या यंत्रणेत नाव नोंदविलेले असणे आवश्यक होते. त्यामुळे येथे मध्यस्थ संस्था नकोशी असली तरी अनिवार्य मानली जाते. ती सहकारी आणि स्थानिक असल्याने तिच्यावरचा राग स्थानिक राजकारणात जिरतो. नोकरभरतीतील कंपन्यांबाबत हे घडत नाही, कारण त्यांचा संचालक गावात राहत नाही.

आरोग्यसेवा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील विशेष नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षातील १७ अर्भकांपैकी १० अर्भके दगावली व सात वाचविण्यात आली. चौकशीनंतर २१ जानेवारी २०२१ रोजी तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी कारवाई जाहीर केली. नियमित सेवेतील जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जणांना निलंबित करण्यात आले, तर कंत्राटी वैद्यकीय अधिकारी व परिचारिका यांची सेवा समाप्त करण्यात आली. पुढे परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. परिचारिकांच्या संघटनांनी त्याला आक्षेप घेतला. इमारतीची अग्निसुरक्षा आणि उपकरणांची देखभाल ही जबाबदारी वरच्या पातळीवरची असताना सर्वांत खालच्या पायरीवरच्या महिलांना जबाबदार धरले जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

या घटनेचा कंत्राटीकरणाशी संबंध कारणाच्या नव्हे, तर परिणामाच्या बाजूने आहे. आग कंत्राटी नेमणुकांमुळे लागली, असा निष्कर्ष निघालेला नाही. मात्र एकाच कक्षातील एकाच रात्रीच्या घटनेसाठी कायम कर्मचाऱ्याला निलंबन, म्हणजे निर्वाह भत्त्यासह चौकशीची संधी, आणि कंत्राटी कर्मचाऱ्याला थेट घरचा रस्ता, हा फरक जिल्ह्याने जवळून पाहिला. दुसरीकडे मृत अर्भकांच्या पालकांच्या दृष्टीने हा फरक गौण होता. शासकीय रुग्णालयातील हलगर्जीपणाला शासनाने उत्तर द्यावे, ही त्यांची मागणी होती. दोन्ही भूमिकांतून एकच प्रश्न पुढे येतो. काम वाटून दिल्यानंतर जबाबदारी कोठे राहते?

राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कर्मचाऱ्यांनी नियमित सेवेत समायोजन व्हावे यासाठी २५ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यव्यापी कामबंद आंदोलन केले. त्यानंतर दहा वर्षे सेवा पूर्ण झालेल्यांच्या समायोजनाबाबत १४ मार्च २०२४ रोजी शासन निर्णय निघाला. त्याची अंमलबजावणी होत नसल्याच्या कारणावरून ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संप झाला. दोन्ही वेळा ग्रामीण भागातील लसीकरण, बाह्यरुग्ण तपासणी व अभिलेखांची कामे विस्कळीत झाली.

‘१०८’ या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा याच्या उलट उदाहरण म्हणून दिली जाते. २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झालेली ही सेवा पहिल्यापासून खासगी कंपनी चालवीत आली आहे. तरीही ‘सरकारी गाडी’ म्हणूनच ती ओळखली जाते. गर्भवती महिला व अपघातग्रस्त यांना फुकट सेवा मिळत असल्याने तिच्या खासगी स्वरूपाला नागरिकांचा विरोध झाला नाही. विरोध झाला तो वाहनचालक व डॉक्टर यांच्या वेतनावरून आणि २०२४ मधील नव्या निविदेच्या खर्चावरून. ज्या सेवेसाठी रुग्णाला खिशात हात घालावा लागत नाही, तिचा चालक कोण, हा प्रश्न बहुधा विधिमंडळापुरता आणि वृत्तपत्रांपुरता राहतो.

ग्रामपंचायतीतील संगणक परिचालक

२०११ मध्ये ‘संग्राम’ (संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र) प्रकल्पाखाली ग्रामपंचायतींत संगणक परिचालक नेमण्यात आले. तो प्रकल्प २०१५ च्या अखेरीस संपल्यानंतर २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ सुरू झाले व त्याचे व्यवस्थापन सीएससी ई-गव्हर्नन्स या कंपनीकडे गेले. जन्म-मृत्यूचे दाखले, नमुना ८ चा उतारा, कर आकारणीच्या नोंदी, पीकविमा व विविध योजनांचे अर्ज ही कामे परिचालक करतात. गावात शासनाची संगणकीय बाजू म्हणजे प्रत्यक्षात हीच व्यक्ती असते.

या व्यवस्थेवरील आक्षेपाचे मूळ हिशेबात आहे. ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या निधीतून दरमहा १२,००० रुपयांहून अधिक रक्कम कंपनीला देत असे, तर परिचालकाच्या हाती अनेक वर्षे सुमारे ६,००० ते ७,००० रुपये पडत. उरलेल्या रकमेत कागद, टोनर, प्रशिक्षण, कर व व्यवस्थापन खर्च असल्याचे सांगितले जाई. साहित्य वेळेवर पोहोचत नाही, अशी तक्रार सरपंच व परिचालक दोघेही करीत. मुंबईतील आझाद मैदान आणि नागपूरचे हिवाळी अधिवेशन येथे परिचालकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. ग्रामपंचायत कर्मचाऱ्याचा दर्जा व किमान वेतन या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. २०२४ मध्ये मानधनात ३,००० रुपयांची वाढ मंजूर झाली. दर्जाची मागणी कायम राहिली.

येथे ग्रामस्थांचे मत परिचालकाच्या बाजूने असते, कारण तो गावातलाच असतो. सरपंचांची तक्रार वेगळी आहे. गावाच्या विकासाचा निधी गावाने न निवडलेल्या कंपनीला द्यावा लागतो आणि काम असमाधानकारक असले तरी करार मोडण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही, असे ते मांडतात. विकेंद्रीकरणाच्या नावाने आलेली सेवा राज्यस्तरावर एकाच कंपनीकडे केंद्रित झाली, यातील विसंगती सहज लक्षात येण्याजोगी आहे.

२०२३ चा शासन निर्णय

६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्याच्या उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाने शासन निर्णय काढून शासकीय व निमशासकीय कार्यालयांना मनुष्यबळ पुरविण्यासाठी नऊ संस्थांची नामिका जाहीर केली. पदांची विभागणी अतिकुशल, कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा चार गटांत होती. शिपाई व सफाईगार यांच्यापुरती असलेली पद्धत शिक्षक, अभियंता, लिपिक, समन्वयक अशा पदांपर्यंत पोहोचल्याचे यादीवरून दिसताच स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांत असंतोष पसरला. राज्य शासनात दोन लाखांहून अधिक पदे रिक्त असताना आणि अमृत महोत्सवी वर्षानिमित्त ७५,००० पदांच्या भरतीची घोषणा झालेली असताना हा निर्णय आला होता.

त्यापूर्वीच्या काही घटनांनी भूमी तयार केली होती. भरती परीक्षा घेण्याचे कामही बाह्ययंत्रणेकडे गेले होते. २०१७ मध्ये सुरू झालेले ‘महापरीक्षा’ पोर्टल तक्रारींमुळे २०२० मध्ये बंद करण्यात आले. त्यानंतर खासगी कंपनीमार्फत घेतलेली आरोग्य विभागाची परीक्षा सप्टेंबर २०२१ मध्ये आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि ऑक्टोबरमध्ये झाल्यावर प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघड झाले. डिसेंबर २०२१ मध्ये म्हाडाची परीक्षाही ऐन वेळी रद्द झाली. २०२३ च्या तलाठी भरतीसाठी ४,६४४ पदांकरिता दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गासाठी १,००० व राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये शुल्क होते. २१ ऑगस्ट २०२३ रोजी सर्व्हरमधील बिघाडामुळे अनेक केंद्रांवर परीक्षा खोळंबली. साकोली किंवा लाखांदूर येथील उमेदवाराला शुल्क, प्रवास आणि नागपुरातील मुक्काम मिळून एका अर्जाचा खर्च शेतमजुराच्या आठवडाभराच्या मजुरीहून अधिक पडतो. परीक्षा कंपनीने घ्यावयाची आणि नोकरीही कंपनीनेच द्यावयाची, तर लोकसेवा आयोग कशासाठी, हा प्रश्न या पार्श्वभूमीवर विचारला गेला.

त्याच महिन्यात आणखी दोन निर्णय चर्चेत आले. १८ सप्टेंबर २०२३ च्या ‘दत्तक शाळा’ योजनेनुसार देणगीदार कंपन्यांना शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घेता येणार होत्या. ग्रामपंचायत क्षेत्रातील शाळेसाठी पाच वर्षांस ५० लाख व दहा वर्षांस एक कोटी रुपये मूल्याच्या सहकार्यावर शाळेला देणगीदाराने सुचविलेले नाव जोडण्याची मुभा होती. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा विकसित करण्याबाबत २१ सप्टेंबरचे परिपत्रक निघाले. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात, जेथे जंगलालगतच्या लहान गावांत जिल्हा परिषदेची शाळा हीच एकमेव सार्वजनिक इमारत असते, तेथे हे दोन्ही निर्णय एकत्र वाचले गेले. शासनाच्या मते पहिला देणगीचा आणि दुसरा गुणवत्तेचा विषय होता. शिक्षक संघटना व पालक यांनी दोहोंचा अर्थ शाळेतून माघार असा लावला.

राजकीय पक्षांत साकोलीचे आमदार व तत्कालीन प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने, तसेच राष्ट्रवादी काँग्रेस (शरद पवार गट) व शिवसेना (उद्धव ठाकरे गट) यांनी निर्णयाला विरोध केला. आरक्षण संपविण्याचा हा मार्ग असल्याचा आरोप झाला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शासन निर्णय रद्द करीत असल्याचे जाहीर केले. कंत्राटी भरतीची सुरुवात २००३ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या काळात झाली, २०१० व २०११ मध्ये ती वाढली आणि २०२१ मध्ये महाविकास आघाडीने निविदेस मान्यता दिली, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. कोणत्याही प्रमुख पक्षाने सत्तेत असताना कंत्राटी पद्धत थांबविलेली नाही आणि विरोधात असताना तिचे समर्थन केलेले नाही, एवढे या वादातून नोंदविता येते.

निर्णय रद्द झाल्याने कंत्राटी काम थांबले नाही. विभागनिहाय स्वतंत्र निविदा, मानधनावरील नेमणुका व निवृत्त कर्मचाऱ्यांची करारावरील नियुक्ती सुरू राहिली. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतनावर शासकीय कार्यालयांतही सहा महिन्यांसाठी घेण्यात आले. मुदत संपताच या प्रशिक्षणार्थींनी कायम करण्यासाठी आंदोलने केली. प्रशिक्षण म्हणून दिलेल्या कामालाही तरुण नोकरीच समजतात, हे त्यातून दिसून आले.

वीज

जिल्ह्यातील वीज वितरण महावितरण ही शासकीय कंपनी करते. शेजारच्या नागपूर शहराच्या काही भागांत मे २०११ मध्ये खासगी फ्रँचायझी नेमण्यात आली होती. पुढे ती दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये महावितरणने कारभार परत घेतला. औरंगाबाद व जळगाव येथील फ्रँचायझीही मुदतीआधीच संपुष्टात आल्या. भिवंडीत मात्र २००७ पासूनची व्यवस्था टिकून असून वीजगळती घटल्याचा दाखला तिचे समर्थक देतात. ४ जानेवारी २०२३ रोजी समांतर वीज परवान्याच्या विरोधात राज्यातील वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला व उपमुख्यमंत्र्यांशी चर्चेनंतर त्याच दिवशी तो मागे घेतला. २०२४ मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरला विदर्भात विरोध झाला. जूनमध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहीत, असे शासनाने जाहीर केले. उन्हाळी धानासाठी कृषिपंपावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला आधी पैसे व मग वीज ही कल्पनाच अमान्य होती. मीटर बसविणारी कंपनी खासगी असणे हे त्या भीतीत भर घालणारे कारण ठरले.

आयुध निर्माणी

जवाहरनगर येथील आयुध निर्माणी १९६४ मध्ये स्थापन झाली. देशातील ४१ आयुध निर्माण्यांचे सात शासकीय कंपन्यांत रूपांतर करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ जून २०२१ रोजी घेतला व तो १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आला. भंडाऱ्याची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. डाव्या विचाराच्या, काँग्रेसशी संबंधित आणि भारतीय मजदूर संघाशी संलग्न अशा तिन्ही महासंघांनी याला एकत्र विरोध केला होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी संपही केला. २०२१ मध्ये पुन्हा संपाची घोषणा होताच अत्यावश्यक संरक्षण सेवा अध्यादेशाने संपावर बंदी आली. मालकी पूर्णतः शासनाचीच राहणार असल्याने हे खासगीकरण नाही, असे केंद्राचे स्पष्टीकरण होते. कर्मचाऱ्यांनी भविष्यातील भागविक्रीची शक्यता पुढे केली. तुमसर तालुक्यात खाणी असलेल्या मॉयल या शासकीय कंपनीचे २० टक्के भाग डिसेंबर २०१० मध्ये बाजारात विकले गेले होते, त्यामुळे हे उदाहरण जिल्ह्याला दूरचे नव्हते.

समर्थनाचे मुद्दे

कंत्राटीकरणाच्या बाजूनेही जिल्ह्यात मत आहे आणि ते बहुधा अनुभवातून आलेले आहे. पारपत्र सेवा हे नेहमीचे उदाहरण. अर्ज, छायाचित्र व बोटांचे ठसे घेण्याचे काम खासगी कंपनीचे कर्मचारी करतात, पारपत्र देण्याचा निर्णय मात्र शासकीय अधिकाऱ्याकडेच राहतो. वेळ आधी ठरते व रांग कमी होते. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील पथकराविषयी नाराजी असली, तरी चौपदरी रस्ता हवा होता, हे वाहनधारक नाकारत नाहीत. तलाठी मुख्यालयी न राहणे, दाखल्यासाठी खेटे घालावे लागणे, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसणे या तक्रारी कायम कर्मचाऱ्यांविषयीच्या आहेत. त्यांवर उपाय म्हणून महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये आला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक खासगी रुग्णालयांत गेले. म्हणजे शासकीय सेवा शासकीयच राहावी असे म्हणणारा नागरिक स्वतःसाठी खासगी सेवा निवडताना दिसतो. यात दुटप्पीपणा शोधण्याचे कारण नाही. ज्याला पैसे देऊन दुसरीकडे जाणे शक्य आहे तो जातो, आणि ज्याला शक्य नाही त्याच्यासाठी शासकीय सेवा टिकावी असेही त्याला वाटते.

शासनाच्या बाजूने वेतन व निवृत्तिवेतनावरील खर्चाचा मुद्दा मांडला जातो. मार्च २०२३ मधील जुन्या निवृत्तिवेतनासाठीच्या सात दिवसांच्या संपात तो ठळकपणे पुढे आला. त्या संपाविषयी शेतकऱ्यांत संमिश्र भावना होती, कारण अवकाळी पावसाचे पंचनामे त्या काळात रखडले. मात्र कायम कर्मचाऱ्याच्या सवलतींवर नाराज असलेला हाच शेतकरी आपल्या मुलाला कायम नोकरी लागावी यासाठी शेतीच्या तुकड्यावर कर्ज काढतो.

न्यायालयीन निर्णय

कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) कायदा, १९७० हा या क्षेत्रातील मूळ कायदा होता. स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २००१ रोजी असे ठरविले की, कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचे होत नाहीत. कंत्राट केवळ देखावा असल्याचे सिद्ध झाल्यास मात्र ते त्याचेच कर्मचारी ठरतात. उमादेवी प्रकरणाच्या १० एप्रिल २००६ च्या निकालाने नियमबाह्य नेमणुका सरसकट कायम करण्यास मनाई केली. २६ ऑक्टोबर २०१६ च्या जगजितसिंग निकालाने समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना लागू केले. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. नगर परिषदांतील घंटागाडी व सफाई कामगारांच्या संघटना त्याचा आजही आधार घेतात. २० डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात, कायम स्वरूपाच्या कामासाठी वर्षानुवर्षे तात्पुरते कर्मचारी वापरणे व जबाबदारी टाळण्यासाठी बाह्ययंत्रणेचा आडोसा घेणे यावर न्यायालयाने कठोर भाष्य केले.

अन्य ठिकाणचे अनुभव

नागपूर महानगरपालिकेने २०१२ मध्ये शहराचा पाणीपुरवठा २५ वर्षांच्या करारावर ऑरेंज सिटी वॉटर या खासगी कंपनीकडे दिला. चोवीस तास पाण्याचे उद्दिष्ट, वाढीव देयके आणि मीटर यांवरून तेथे झालेला वाद भंडारा शहरातील पाणी योजनांच्या चर्चेत तुलनेसाठी येतो. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकापासून सेवांचे मोठ्या प्रमाणावर खासगीकरण झाले. तेथील जनमत चाचण्यांत रेल्वे व पाणीपुरवठा सार्वजनिक मालकीचे असावेत, असे बहुसंख्य लोक सातत्याने सांगत आले आहेत. जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन ही शासकीय कंत्राटे घेणारी मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा तुरुंगांची देखभाल आणि शाळांतील जेवण यांसारखी कामे सुरू ठेवण्यासाठी तेथील शासनाला स्वतः पैसा पुरवावा लागला.